तालुक्याचे दप्तर आणि सर्व्हरची खोली

लहान कचेरीतला सर्व्हर हा मुळात दप्तर ठेवण्याचाच एक प्रकार आहे. चार-सहा टेबलांवरच्या कारकुनांना एकच वही एकाच वेळी उघडता यावी, एकाने केलेली नोंद दुसऱ्याला लगेच दिसावी आणि दिवस संपल्यावर ती वही सुरक्षित राहावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात हे दप्तर आधी पटवाऱ्याच्या घरी होते. तिथून ते तलाठ्याच्या सज्जात आले, मग तहसील कचेरीच्या संगणकात शिरले आणि शेवटी तालुका सोडून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेले. दिंद्रुड हे या तालुक्यातले महसूल मंडळाचे आणि पोलीस ठाण्याचे गाव. सरकारी संगणकजाळे तालुक्याच्या खाली उतरले की ते पोहोचते ते अशाच गावांत, आणि या जाळ्याची कसोटीही तिथेच लागते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथले जुने महसुली दप्तर उर्दूत आणि मोडीत आहे, साल बहुधा फसली आहे आणि कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा त्या काळाचा आणि आजच्या अभिलेखांचा सांधा. जमिनीच्या वादात आजही वकील आधी खासरा मागतात. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि १९७१ च्या नियमांनी गाव नमुन्यांचे आजचे रूप ठरले. हक्काची नोंद नमुना सातमध्ये, पिकांची बारामध्ये, फेरफार सहामध्ये, खातेदाराची एकत्रित जमीन आठ-अ मध्ये. संगणकाच्या भाषेत ज्याला परस्परांशी जोडलेली कोष्टके म्हणतात, ती मांडणी इथे कागदावर तयारच होती. फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबारा बदलायचा नाही आणि बदललेल्या ओळीसमोर फेरफाराचा क्रमांक लिहायचा, ही शिस्त तलाठ्यांनी संगणकाच्या आधी अनेक वर्षे पाळली. पुढे संगणकीकरण करणाऱ्यांना या शिस्तीचा मोठा आधार मिळाला.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे उपग्रहावर चालणारे निकनेट १९८७ पासून उभे राहिले. जिल्हाधिकारी कचेरीच्या गच्चीवरची छत्री आणि खाली वातानुकूलित खोलीतला संगणक हे जिल्ह्याच्या गावी सरकारी संगणकाचे पहिले रूप होते. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. मात्र तालुक्याच्या कचेरीत यंत्रे बसवण्यासाठी या योजनेतून पैसा मिळू लागला तो १९९७-९८ पासून, आणि लहान कार्यालयातल्या सर्व्हरचा इतिहास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

बँकांनी हा रस्ता आधीच धरला होता. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये खतावणी यंत्रे आली, नव्वदच्या दशकात संपूर्ण शाखा संगणकावर घेण्याची लाट आली आणि १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के व्यवहार संगणकावर आणण्याच्या केंद्रीय दक्षता आयोगाच्या आदेशाने तिला वेग दिला. शाखेतल्या एका कोपऱ्यात युनिक्स किंवा नॉव्हेल नेटवेअर चालवणारा सर्व्हर, काउंटरवर टर्मिनले आणि त्यांना जोडणारी काळी तार अशी ती रचना असे. ही तार टीव्हीच्या केबलसारखी दिसे. तिचा एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त तीस यंत्रे आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर बसवावे लागत. झाडताना कुणाच्या पायाने एक टर्मिनेटर निखळला, की सगळी शाखा ठप्प होई. पुढे हब आणि मग स्विच आले. प्रत्येक यंत्राला स्वतःची निळी-करडी तार मिळाली, आणि बिघाड झालाच तर तो एका टेबलापुरता राहू लागला. लहान कचेरीच्या दृष्टीने हा बदल सर्व्हरच्या वेगापेक्षा मोलाचा ठरला, कारण बिघाड शोधणारा माणूस गावात नसे.

तालुक्याच्या गावी सर्व्हर लागलाच का, याचे उत्तर दस्त नोंदणीच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. नोंदणी व मुद्रांक विभागाची ‘सरिता’ ही प्रणाली २००२ च्या सुमारास दुय्यम निबंधक कार्यालयांत आली. त्याआधी मूळ दस्त कचेरीत ठेवून घेत, आणि तो परत हाती यायला महिने, कधी वर्षे लागत. सरितेत पक्षकाराचा फोटो, अंगठ्याचा ठसा आणि दस्ताची स्कॅन केलेली पाने त्याच कार्यालयातल्या सर्व्हरवर साठवली जात आणि मूळ दस्त त्याच भेटीत परत मिळे. काळ्या-पांढऱ्या रंगात स्कॅन केलेले एक पान साधारण पन्नास किलोबाइटचे धरले, तर तीस पानांचा दस्त दीड मेगाबाइटचा होतो. त्या वेळच्या टेलिफोन लाइनवर ३३.६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, तरी एवढा दस्त पाठवायला सहा मिनिटे लागली असती. दिवसाला चाळीस दस्त म्हणजे चार तास लाइन अखंड हवी, आणि ग्रामीण भागात तशी मिळण्याची खात्री नव्हती. म्हणून दप्तर जवळ ठेवण्याला पर्याय नव्हता. प्रत्येक कार्यालयाचा स्वतःचा सर्व्हर, स्वतःचे जाळे आणि स्वतःची प्रत असे.

तहसील कचेरीतही हेच झाले. तलाठ्यांनी आपापल्या सज्जातली हस्तलिखित पुस्तके तालुक्याला आणायची, चालकांनी ती संगणकात भरायची, छापील प्रत तलाठ्याने मुळाशी ताडून पाहायची आणि दुरुस्त्या पुन्हा भरायच्या, अशा फेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या. पुढे संगणकीकृत सातबारा तहसीलच्या सेतू केंद्रातून मिळू लागला. दिंद्रुडच्या शेतकऱ्याला सोय झाली ती अशी, की उतारा स्वच्छ छापून मिळे, पण त्यासाठी एस.टी.ने माजलगाव गाठावे लागे.

या सर्व्हरची उभारणी आणि जुळवणी ही कागदोपत्री तांत्रिक बाब वाटते. मराठवाड्याच्या तालुक्यात तिची सुरुवात विजेपासून होई. २००५ च्या आगेमागे ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तास भारनियमन होते. शेतीपंप आणि गावठाण यांचे फीडर वेगळे करण्याचे काम त्यानंतरचे. वीज असली तरी वाहिनीच्या शेवटच्या टोकाला २३० व्होल्टच्या जागी कधी १७० असत, आणि पंप एकदम बंद झाले की दाब उसळी घेई. म्हणून आधी सर्व्हो स्टॅबिलायझर, मग यूपीएस आणि शेवटी सर्व्हर असा क्रम ठरलेला असे. बॅटऱ्यांचे आयुष्य पंचवीस अंश तापमानाला मोजलेले असते. दर दहा अंशांच्या वाढीला ते जवळपास निम्म्यावर येते. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे पत्र्याखालच्या किंवा बंद खोलीतल्या बॅटऱ्यांची क्षमता मुदतीच्या खूप आधी संपे. यूपीएसवर तासाभराचा आकडा लिहिलेला असला तरी दुसऱ्या वर्षी तो दहा मिनिटांवर येई. वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा अशी जोडणी यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात करता येते. जिथे ती केली नव्हती, तिथे सर्व्हर मध्येच बंद पडून माहितीच्या फायली बिघडत.

अर्थिंगचा विषय याहून खोल, आणि तो इथल्या मातीशी बांधलेला आहे. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये भूसंपर्काचे नियम आहेत. प्रत्यक्षात खड्डा खणायचा, त्यात लोखंडी नळ किंवा तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि वरून पाणी ओतत राहायचे. माजलगाव तालुक्यातली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती भेगाळते, पट्टीपासून सुटते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरते उरते. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या वर जातो. नेटवर्कचे पोर्ट जळतात, स्क्रीन लहरतो, सर्व्हर कारण नसताना पुन्हा सुरू होतो. अशा वेळी यंत्र बदलून उपयोग होत नाही, खड्ड्यात चार घागरी पाणी ओतल्याने होतो. सर्व्हरच्या देखभालीच्या पुस्तकांत हे काम क्वचितच सापडते, पण कोरडवाहू तालुक्यात पहिल्या पानावर लिहायला हवे असे तेच आहे.

वेगाची जुळवणी त्यानंतर. सुरुवातीच्या सर्व्हरांत मेमरी शंभर-दोनशे मेगाबाइटच्या घरात असे आणि तालुक्याची माहिती तिच्यात मावत नसे, त्यामुळे प्रत्येक शोध डिस्कवर जाई. गाव आणि गट क्रमांक यांवर अनुक्रमणिका बांधली की तोच शोध मिनिटावरून क्षणावर येई. दोन डिस्क एकमेकींच्या प्रती म्हणून चालवल्या की एक गेली तरी काम थांबत नसे. नेटवर्क कार्ड आणि स्विच यांच्यापैकी एक बाजू दुहेरी वाहतुकीवर आणि दुसरी एकेरीवर राहिली, तर जाळे बंद पडत नाही, नुसते रांगते. हा दोष ओळखायला सर्वांत वेळ लागे, कारण सगळे दिवे हिरवे दिसतात. विषाणूरोधक प्रणालीने भर दुपारी माहितीची फाइल तपासायला घेतली की तीच गत. पत्ते वाटण्याची पद्धतही ठरवावी लागे: सर्व्हर आणि प्रिंटर यांना कायमचे पत्ते, टेबलांवरच्या यंत्रांना आपोआप मिळणारे, आणि ते सगळे भिंतीवरच्या एका कागदावर लिहिलेले. तो कागद बदलीनंतर येणाऱ्या नव्या माणसासाठी असे.

भार वर्षभर सारखा नसे. तो शेतीच्या पंचांगाप्रमाणे चढे-उतरे. मे-जूनमध्ये खरिपाच्या पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ लागतो, त्याच महिन्यांत शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले लागतात. नेमका तोच काळ वळवाचा, विजा आणि वादळाचा. म्हणून प्रती काढणे, डिस्क साफ करणे, अनुक्रमणिका नव्याने बांधणे ही कामे मार्चअखेरच्या वसुलीनंतर आणि मेच्या गर्दीआधी उरकणारी कचेरी सुखी राही. प्रतीबद्दल नियम साधा होता: रोजची प्रत टेपवर किंवा सीडीवर, आणि आठवड्याची एक प्रत त्या इमारतीच्या बाहेर. पाळण्यात कुचराई होई ती दुसऱ्या अर्ध्या भागाची. प्रत आणि मूळ एकाच कपाटात ठेवल्यावर आग किंवा पाणी दोघांनाही सारखेच.

लिपीचा प्रश्न सर्व्हरच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही, मराठी दप्तरात मात्र तो मध्यवर्ती आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आले, पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट साधने त्यावर चालत. तरी बहुतेक कचेऱ्यांत आणि छापखान्यांत अक्षरे फाँटच्या आकृत्यांच्या रूपात साठवली गेली, जशी डोळ्यांना दिसतात तशी. ‘दिंद्रुड’ हे नाव या अडचणीचा उत्तम नमुना आहे. उच्चारात आणि शब्दकोशात ते ‘द’ने सुरू होते. आकृत्यांच्या फाँटमध्ये मात्र आधी पहिली वेलांटी साठवली जाते आणि मग द. त्यामुळे गावांची यादी अकारविल्हे लावली की दिंद्रुड ‘द’च्या गावांत न येता वेलांटीने सुरू होणाऱ्या सगळ्या नावांच्या गर्दीत जाऊन बसते. त्यातले ‘द्र’ एका चालकाने एक आकृती म्हणून टंकले आणि दुसऱ्याने द ला खालचा रकार जोडून, तर दोन्ही छापात सारखी दिसतात, पण शोधताना संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात. सर्व्हरची मेमरी दुप्पट करूनही हा शोध सुधारत नाही. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. विंडोज २००० पासून देवनागरीचा आधार आणि मंगल फाँट सोबत मिळू लागला, तरी जुनी माहिती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, अर्धा र आणि अनुस्वार हाताने तपासावे लागले. मराठीतला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये.

पोलीस ठाण्यांचा मार्ग थोडा वेगळा. २००४ नंतर देशभर ‘सिपा’ ही प्रणाली ठाण्यांत बसवली जाऊ लागली. एक सर्व्हर, तीन-चार यंत्रे, यूपीएस, आणि सगळे लिनक्स, जावा आणि पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त साधनांवर. परवाना शुल्क नसल्याने हजारो ठाण्यांत ती परवडली. उणीव अशी, की प्रत्येक ठाणे आपल्यापुरते बेट होते. शेजारच्या हद्दीतला गुन्हेगार आपल्या सर्व्हरवर सापडत नसे. ठाणी एकमेकांना जोडणारी सीसीटीएनएस योजना २००९ मध्ये मंजूर झाली आणि महाराष्ट्रातली ठाणी २०१५ मध्ये तिच्यावर आली.

हे सगळे चालवले कुणी? तालुक्याला संगणक अभियंत्याचे पद नव्हते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यातालुक्यांत निघाली. त्या केंद्रांतही एक सर्व्हर आणि त्याला जोडलेली यंत्रे असत. शिकवणाऱ्या मुलांना केबलच्या टोकाला जोडणी दाबणे, आठ तारांचा रंगक्रम, प्रिंटर वाटून देणे हे हाताने शिकावे लागले. सेतू केंद्रांचे चालक, ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक आणि गावातले दुरुस्तीवाले याच वर्गातून पुढे आले. २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेने ग्रामपंचायतींत संगणक नेला आणि हीच मुले तिथे नेमली गेली. पुढे त्या केंद्रांचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाले. टपाल खात्यात तर काउंटरवरच्या टपाल सहायकांनाच ‘सिस्टीम मॅनेजर’चे प्रशिक्षण देऊन सर्व्हर त्यांच्या हाती सोपवला होता. तिकीट विकता विकता डेटाबेस सांभाळणाऱ्या या कर्मचाऱ्यांचे श्रम संगणकीकरणाच्या अहवालांत फारसे दिसत नाहीत. ते दिसायला हवे होते.

गाव थेट जोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात याआधी वारणेत झाला होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे सहकारी साखर कारखान्याच्या जाळ्याला जोडली गेली. शेतकऱ्यांनी तिथे सर्वांत जास्त पाहिले ते स्वतःच्या उसाचे वजन, खत आणि बिल. हे लक्षात आल्यावर २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलचे एसएमएस वापरून तीच माहिती दिली, आणि खर्च कमी झाला. ऊस आणि कारखाना माजलगावच्या परिसरालाही परके नाहीत, पण वारणेसारखी एकछत्री सहकारी संस्था हे त्या प्रकल्पाचे बळ होते.

सर्व्हर तालुक्यातून गेला तो वाहिन्या सुधारल्यावर. राज्यव्यापी जाळ्याची योजना केंद्राने २००५ मध्ये मंजूर केली. तिच्यात तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिटची वाहिनी अपेक्षित होती. त्याच वर्षी बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०११ चा. तेच पुढचे भारतनेट. वाहिनी आली तशी दप्तरे वर गेली. २०१२ मध्ये ‘आय-सरिता’ने दुय्यम निबंधकांची माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर नेली. ई-फेरफार प्रणालीने तालुक्यांचे सातबारे एकत्र केले. दस्त नोंदला की सूचना संगणकावरूनच तहसीलला जाऊ लागली, तलाठ्याची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन ही जुनी साखळी तशीच राहिली. हस्तलिखिताशी न जुळणारे उतारे दुरुस्त करण्यासाठी ‘रि-एडिट’ची मोहीम झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला.

या बदलाने कामाची जागा सज्जात परत आणली. लॅपटॉप, प्रिंटर आणि डिजिटल सहीचे डोंगल घेऊन तलाठी गावातच फेरफार करू लागला. पण अडखळण्याची जागाही बदलली. पूर्वी माजलगावचा सर्व्हर बंद पडला तर माजलगाव तालुका थांबे. आता ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द राज्यभर एकाच वेळी ऐकू येतो आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून तो सुटत नाही. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ मध्ये आल्यावर जुलैअखेरचे दिवस या जाळ्याला सर्वांत जड जाऊ लागले. बीडच्या पीकविम्याचा स्वतःचा ‘बीड पॅटर्न’ २०२० मध्ये झाला, यावरून या जिल्ह्यात विम्याचे वजन किती हे कळते. मुदतीच्या शेवटच्या रात्री सेवा केंद्रांत पहाटेपर्यंत अर्ज भरले जातात, कारण तेव्हा सर्व्हर मोकळा असतो.

तहसीलच्या खोलीत आता स्विच, राउटर, यूपीएस आणि प्रिंटर उरले. जुळवणीही त्यांचीच करायची असते: वाहिनी तुटली की पर्यायी वाहिनीवर जाणे, छपाईची रांग मोकळी ठेवणे, यंत्रांच्या प्रणाली अद्ययावत ठेवणे. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये आणि सर्व्हर २००३ चा जुलै २०१५ मध्ये संपला. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्याने अद्ययावत न केलेल्या यंत्रांचे काय होते ते जगभर दिसले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बाराची नोंद शेतकरी बांधावरून मोबाइलवर करू लागला. ॲप पिकाची नोंद आधी फोनमध्ये ठेवते आणि रेंज मिळाली की वर पाठवते. दुबळ्या वाहिनीसमोर दप्तर जवळ ठेवण्याची जुनी रीत इथे पुन्हा आली आहे, फक्त कचेरीच्या जागी शेतकऱ्याचा खिसा आहे.

या सगळ्या वर्षांत तालुक्याच्या अभिलेख कक्षातले जुने रुमाल बहुतांशी बांधलेलेच राहिले, कारण संगणकीकरण चालू सातबाऱ्यापासून सुरू झाले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातले निजामकालीन दप्तर उघडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. सापडलेल्या नोंदींची पाने स्कॅन करून गावनिहाय जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. ती पाने सर्व्हरवर चित्राच्या रूपात आहेत. त्यांतले नाव शोधायचे तर अजून माणसालाच पान उलटून वाचावे लागते.